फ्रिजखालची फरशी

जेवण झाल्यावर हेमलताबाई जरा आडव्या होतात. झोपायचं नसतं त्यांना, नुसती पाठ टेकायची असते. पण भाड्याच्या या फ्लॅटमध्ये दुपारी करण्यासारखं काही नाही, आणि पंखा असा एकसुरी घरघरतो की डोळे मिटतातच. मिटता मिटता त्यांना आठवतं, आजपासून सोसायटी पाडायला घेतली आहे. हर्षद, त्यांचा एकुलता एक मुलगा, सकाळीच तिकडे गेलाय. सेक्रेटरीच तो. जुन्या तीनमजली ‘स्नेहवर्धिनी’च्या जागी टॉवर उभा करायचा, हा त्याचाच ध्यास. “लांबून बघ रे,” असं त्या त्याला म्हणणार होत्या. म्हटलं की राहिलं, तेवढं काही आठवत नाही.

पंख्याची घरघर लांब जाते. कुकरची शिट्टी होते.

शिट्टी त्यांच्या जुन्या घरातली आहे. त्या जिना उतरताहेत, आणि उतरत उतरतच तिसऱ्या मजल्यावर पोचतात. दारं नाहीत, भंगारवाल्यानं चौकटींसकट नेली आहेत. समोरच्या ओगल्यांच्या भिंतीवर पाडापाडीची लाल फुली आहे. ती वाळलेली. हेमलताबाईंच्या भिंतीवरची मात्र ओली आहे, तिचा ओघळ हळूहळू खाली येतोय. आत जाऊ नये, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटतं. तरी त्या आत जातात.

स्वयंपाकघरात श्रीधरपंत बसलेत. गेल्या दिवाळीत वारलेले त्यांचे यजमान. हयातीत हा माणूस कुणाच्या बापाला भ्याला नाही, आणि जिभेला तर हाडच नव्हतं. आता मात्र फ्रिजच्या रिकाम्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेत. डोक्यावर, भुवयांवर पांढरी धूळ.

“अहो, इथे काय करताय?”

“हळू बोल,” ते कुजबुजतात. “तो जागा आहे.”

“कोण?”

ते बोट खाली करतात. फ्रिजखालच्या फरशीकडे.

वास्तुपुरुष! घर घेतलं तेव्हा केवढ्या हौसेनं वास्तुशांत केली होती. गुरुजींनी याच आग्नेयेच्या कोपऱ्यात फरशी उचलून त्याची बोटभर प्रतिमा पालथी पुरली होती. सणावारी त्या फरशीवर दहीभाताचं पान ठेवायचं. पुढे मोठा फ्रिज आला. तो दुसरीकडे कुठे मावेना, म्हणून बरोबर त्या फरशीवर उभा राहिला. मग पान फ्रिजच्या पुढ्यात, मग फ्रिजच्या डोक्यावर, आणि मग राहूनच गेलं. घर सोडताना बाईंनी पडद्याच्या कड्यासुद्धा सोडल्या नाहीत, देवघर मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या, आणि घराच्या धन्याला तेवढं तिथेच ठेवून आल्या. निघण्याआधी पूजा करून त्याला उठवायचं असतं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

“राहिला हो,” त्या म्हणतात. “उद्या गुरुजींना बोलावते.”

“उद्या?” श्रीधरपंत हसतात, पण हसण्याचा आवाज येत नाही. “मी काय बोललो होतो, आठवतंय?”

तिघं जेवायला बसलेत. टेबल घरचं आहे, पण ते दवाखान्याच्या व्हरांड्यात मांडलंय. हर्षद सांगतोय, इमारत पाडायच्या संमतीची सही केली म्हणून. “घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते हे असं,” श्रीधरपंत ताट पुढे ढकलतात. “ऐकून ठेव. ज्यानं या घराला हात लावला, तो याच घराखाली जाईल.”

“अहो! पोटच्या पोराला असं बोलतात का? वास्तू तथास्तु म्हणते!”

“म्हणू दे!”

हर्षद हसतोय, तेव्हा हसला होता तसाच. व्हरांड्याच्या टोकाला एक स्ट्रेचर आहे. चादरीखाली कोण आहे ते बघायचं हेमलताबाईंना धाडस होत नाही. पण चादर तोकडी पडलीय. बाहेर आलेले बूट त्यांनी स्वतःच हर्षदसाठी पसंत केलेले आहेत.

“तेव्हाच म्हणाला तो,” श्रीधरपंत कोपऱ्यातून सांगतात. “तेव्हा मला ऐकू आलं नाही. आता येतं. दुसरा शब्दच येत नाही गं त्याला. बरं बोला, वाईट बोला, तो आपला तथास्तु.”

“मग शब्द मागे घ्या ना तुमचा!”

“मेलेल्याचं ऐकत नाही तो. तू बोल. काहीतरी चांगलं बोल, लवकर. भिंत पडल्यावर कोण ऐकणार?”

खिडकीच्या भगदाडातून खाली हर्षद दिसतो. पिवळं हेल्मेट घालून अगदी भिंतीशी उभा आहे, फोनवर बोलतोय. पलीकडे पोकलेनचा हात वर उठतो. हेमलताबाई हाक मारतात, पण घशातून आवाज फुटत नाही. भिंत हादरते, त्यांच्या केसांत चुना सांडतो.

त्या गुडघ्यांवर बसून नखांनी फरशी खरवडायला लागतात. सांध्यातलं पांढरं सिमेंट निघू लागतं. फरशी उबदार आहे. तिच्याखाली कुणीतरी सावकाश कूस बदलतं.

“बोल, हेमा!”

‘हर्षदला उदंड आयुष्य मिळो.’ साधं वाक्य, दर वाढदिवसाला ओवाळताना म्हटलेलं. पण घाबरलेल्या आईच्या तोंडी ठरवलेलं वाक्य येत नाही. जन्मभर जे येत आलं तेच येतं. तो तापानं फणफणला तेव्हा, गाडीवरून पडला तेव्हा, त्या जे म्हणाल्या तेच.

“त्याचं काय असेल ते माझ्यावर येऊ दे!”

श्रीधरपंत कपाळावर हात मारून घेतात. “हे काय बोललीस! चांगलं बोल म्हटलं होतं ना तुला!”

फरशीखालून, अगदी जवळून, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या आवाजात तो एक शब्द येतो.

फोन वाजतोय. डोक्यावर पंखा घरघरतोय. खिडकीत लख्ख ऊन आहे. हेमलताबाई चाचपडत फोन कानाला लावतात.

“आई, झोपली होतीस का? घाबरू नकोस, आधी ऐक. मी ठणठणीत आहे.” हर्षदला धाप लागलीय. “आपल्या किचनची भिंत आत पडायची ती बाहेर आली. मी खालीच होतो गं! हाक मारल्यासारखं वाटलं कुणीतरी, म्हणून चार पावलं मागे आलो, आणि होतो तिथे हा ढीग. साधं खरचटलंही नाही. देवच पावला म्हणायचं.”

हेमलताबाईंच्या उजव्या हाताची बोटं ठणकताहेत. त्या हात डोळ्यांसमोर धरतात. नखांत पांढरं सिमेंट गच्च भरलंय.

“आई? बोल ना. तू बरी आहेस ना?”

त्यांची नजर खोलीच्या कोपऱ्याकडे जाते. भाड्याचं असलं तरी घरच हे. घरमालकानंही वास्तुशांत केलीच असणार. ‘मी बरी आहे, मला काही होत नाही,’ एवढं मोठ्यानं म्हटलं की झालं. शब्द अगदी ओठांवर येतात. जगावंसं तर फार वाटतंय.

पण मग ते परत कुणाकडे जाईल?

“जेवायचा राहिला असशील,” त्या म्हणतात. “ये लवकर.”