इंझोरीचा पोळा आणि दादासाहेबांचं इंजिन

पुण्याहून निघताना बायकोने एवढंच बजावलं होतं की, इंजिन लांबून बघा, त्यात चढू नका. तिला माझा स्वभाव ठाऊक आहे. घरात स्टोव्ह जरा मोठ्याने फरफरला तरी मी अंगणात जाऊन उभा राहतो. पण दादासाहेब कॉलेजपासूनचे मित्र, आणि त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मनमाडला गाडी बदलली, पूर्णेला बदलली आणि अंग आंबून वाशीमच्या फलाटावर उतरलो.

दादासाहेब जीप घेऊन आले होते. गिरण्यांच्या शेअरमध्ये या माणसाने अमाप पैसा केला. इतर लोक अशा पैशातून जमिनी घेतात. हे भंगारात निघालेली वाफेची इंजिनं विकत घेतात आणि ती पुन्हा चालती करतात. मानोऱ्याच्या अलीकडे जीप काळ्या चिखलात रुतली. जवळच्या तांड्यावरचे (वस्तीवरचे) लोक ढकलायला आले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "इंजनवाल्या मालकाकडे चाल्ले का?" मी हो म्हटल्यावर तो नुसता मला खालीवर न्याहाळत राहिला.

इंझोरीला दादासाहेबांच्या शेतात पत्र्याची मोठी शेड आहे. तिथे तीन इंजिनं होती. दोन सुटी करून ठेवलेली आणि तिसरं, एका बंद पडलेल्या खाणीतून आणलेलं, काळंभोर, चकचकीत. दादासाहेब आणि रेल्वेतून निवृत्त झालेले गफूरमिस्त्री दोन वर्षं त्याच्या मागे होते. शेडपासून गावाच्या मैदानापर्यंत उताराने रूळ टाकले होते. दुसऱ्या दिवशी पोळा. बैलांच्या रांगेत, तोरणाखाली आपलं इंजिनही उभं करायचं, असा त्यांचा बेत होता. मला इंजिनात त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. रात्री मला धड झोप लागली नाही.

त्याच संध्याकाळी खांदशेकणी पाहिली. दादासाहेबांचा सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी) किसन पळसाच्या पानाने बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होता. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्यांचा हा मान. प्रत्येक बैलाच्या कानाशी वाकून तो म्हणे, "आज आवतन (आमंत्रण) घ्या, उद्या जेवाले या." त्याच्या आवाजात इतकी माया होती की, मी तेवढ्यापुरती भीती विसरलो.

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी आणि कढीचं जेवण झालं. दुपार कलल्यावर वाफ तयार झाली. चाकांवर पिवळा रंग दिसला. पूजेची हळद असेल, असं वाटलं. मी वर चढलो आणि हाताला आली ती दांडी घट्ट धरली. इंजिन हललं, पण चाकं आधी जागच्या जागी गरगर फिरली. "चाकं घसरून राह्यली, साहेब," गफूरमिस्त्री म्हणाले. रूळ ओले असतील, असं म्हणून दादासाहेबांनी वाफ वाढवली.

उतार सुरू झाला. मैदान जवळ आलं तसा त्यांनी ब्रेक आवळला. चाकं थांबली, इंजिन थांबलं नाही. दादासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. गफूरमिस्त्रींनी चाकं उलटी फिरवून पाहिली. ती उलटी फिरत राहिली आणि आम्ही पुढेच सरकत राहिलो. पुन्हा ब्रेक लावला. समोर तोरण, त्याखाली खांद्याला खांदा लावून उभे असलेले सजवलेले बैल, बायका, कडेवरची पोरं. दादासाहेब शिटीवर शिटी वाजवू लागले. डफड्यांच्या गजरात लोकांना तो उत्सवाचाच भाग वाटला, त्यांनी हात हलवले. आता आपण या सगळ्यांच्या अंगावर जाणार, एवढंच मला कळत होतं.

रांगेत सर्वांत पुढे किसन होता. चाकं न फिरता इंजिन येतंय, हे त्याने पाहिलं. त्याने बैलाच्या पाठीवरची झूल ओढली आणि रुळावर टाकली, मग दुसरी. बाकीच्यांनीही झुली फेकल्या. बैल उधळले, माणसं बाजूला पळाली. चाकांखाली झुली फाटत गेल्या आणि धुराडं तोरणाच्या पानांना लागलं तेव्हा इंजिन थांबलं.

दादासाहेब उतरले. त्यांनी चाकावर बोट फिरवलं, हुंगलं आणि विचारलं, "हे कुणी लावलं?"

"म्या, मालक," किसन म्हणाला. "काल सम्द्या बैलायचे खांदे शेकले, मंग ह्यालेच काहून सोडाव? हेबी तं तुमच्याच दावनीचं."

"अरे, चाकाला लोणी लावल्यावर ते थांबणार कसं?"

किसन गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिला. "पन तुमी त्याले आज जुपसान, असं मले काय मालूम? पोळ्याच्या दिवशी कोनी जनावर जुपते का, मालक?"

दादासाहेब फाटक्या झुलींमध्ये रुळावरच बसले आणि थोड्या वेळाने गफूरमिस्त्रींना भट्टीतली आग काढायला सांगितली. मी अजून वरच होतो. दांडीवरची माझी बोटं गफूरमिस्त्रींनी एकेक करून सोडवली.

परत निघालो तेव्हा इंजिन मैदानातच उभं होतं. कुणीतरी त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवली होती. एकाने त्या इंजिनात दोन वर्षं जीव ओतला, दुसऱ्याने त्याला बैलाचा मान दिला, आणि दोघांच्या मायेत सापडून एक गाव चिरडता चिरडता वाचलं. वाफेची धास्ती मला पहिल्यापासून होतीच. आता फार प्रेमाने हात लावणाऱ्या माणसांची त्याहून जास्त वाटते.