सप्रेचा डबा आणि कुमाऊंचे कच्चे रस्ते

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. आपण आपली एप्रिलची रजा टाकतो, पंक्चरचं सामान घेतो, जातो आणि परत येतो. मग लखनौला इंदिरा नगरच्या घरी मंडळी चहाला जमली की लक्षात येतं, नेलं त्यापेक्षा बरंच जास्त घेऊन आलोय. बायको म्हणते, "सगळे सांगू नका, लोकांना वाटेल बनवून सांगताय." पण मी बनवले असते तर त्यात मी स्वतः एवढा बावळट दिसलो नसतो.

आमचं त्रिकूट. मी गोरे, बँकेत ऑफिसर. सप्रे माझ्याच ब्रँचमध्ये, शेजारच्या टेबलावर. आणि एअर फोर्समधून रिटायर झालेले सार्जंट मोहिते, मूळचे साताऱ्याकडचे. नव्वदीच्या त्या वर्षांत दर एप्रिलला, बँकेचं क्लोजिंग आटोपलं की आम्ही साध्या काळ्या सायकली रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकून काठगोदाम गाठायचो आणि तिथून कुमाऊंच्या दऱ्यांमध्ये शिरायचो. डांबरी रस्ता दिसला की मोहिते तोंड फिरवायचे. "डांबरावर बस जाती. आपण काय बस हाय का?" त्यामुळे गिट्टीचे, मातीचे, खेचरांचे रस्ते. एका गावातून दुसऱ्या गावात.

* * *

लखनौत चढ नावाची वस्तू नाही. प्रॅक्टिस करायची कुठे? मोहित्यांनी गोमतीवरचा पूल शोधून काढला. रविवारी सकाळी आम्ही तिघं पुलावर चढायचो, उतरायचो, पुन्हा वळून चढायचो.

तिथला ट्रॅफिक हवालदार बराच वेळ बघत होता. बाराव्या फेरीला त्याने आम्हाला थांबवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती.

"भाई साहब," तो अगदी हळू म्हणाला, "उस पार जाना है तो चले जाइए. कोई रोक नहीं रहा."

* * *

पुलावर आम्ही चढायला शिकलो. उतरायचं शिकायला हवं होतं, हे पहिल्या वर्षी पहिल्याच घाटात कळलं. अमीनाबादेतून घेतलेले नवेकोरे ब्रेकचे रबर तासाभरात झिजून गेले. खाली नदी, मध्ये सुटी गिट्टी आणि ब्रेक दाबला की नुसता खडखडाट. मी पाय जमिनीला घासत कसाबसा थांबलो.

मोहित्यांनी वाटेत पडलेल्या चीडच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, तीन मोठ्या फांद्या उचलल्या आणि प्रत्येकाच्या कॅरिअरला दोरीने बांधल्या. फांदी मागे फरफटत राहिली की सायकल आवरते. आम्ही धुळीचे लोट उडवत निघालो आणि दुसऱ्याच वळणावर जंगल खात्याचा गार्ड आडवा आला.

"लकड़ी का परमिट?"

मोहित्यांनी त्याला ब्रेक दाखवले. तो ऐकेना, लाकूड म्हणजे लाकूड. शेवटी मोहिते म्हणाले, "ठीक है, खोल देते हैं. आप बस एक बार इसपे बैठ के अगले मोड़ तक जाके दिखाइए."

गार्डने सायकल पाहिली. उतार पाहिला. खालची नदी पाहिली. मग खिशातून पेन काढलं.

"परमिट मैं लिख देता हूँ."

* * *

आता सप्रेचा डबा. सप्रेवहिनी दर ट्रिपला अॅल्युमिनियमचा मोठा डबा भरून शंकरपाळी द्यायच्या. "तिघांना पुरतील," असं दारात सांगायच्याही. सप्रे त्या डब्याला कुलूप लावायचा आणि किल्ली जानव्याला!

एरवी माणूस देव. तुमचं पंक्चर काढेल, तुमचं ओझं वाहील. पण त्या डब्यापुढे त्याला मित्र ओळखू यायचे नाहीत. एकदा एका धर्मशाळेत मोहित्यांना सडकून ताप भरला. मी म्हटलं, "सप्रे, अरे त्यांच्या तोंडाला चव नाही, एक तरी दे." सप्रेने कुलूप काढलं. एक शंकरपाळं उचललं. मोहित्यांकडे बघितलं, बराच विचार केला आणि ते परत डब्यात ठेवलं.

"तापात तळकट बाधतं," तो म्हणाला.

चार वर्षांत मी त्या डब्याचा फक्त वास घेतला होता.

* * *

लखनौत राहिलं की एक सवय अंगात मुरते. समोरचा काय म्हणतोय ते कळलं नाही तरी मान झुकवून "जी, बिल्कुल" म्हणायचं. सप्रे यात उस्ताद.

एका गावात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम केला. गावचे प्रधानजी, म्हणजे सरपंच, आले, त्यांच्या पहाडी बोलीत सप्रेला काहीतरी विचारून गेले. सप्रे म्हणाला, "जी, बिल्कुल." सकाळी डोळे उघडतो तर अंगणात सात म्हशी, दोन बैल आणि त्यांचे मालक! गुरांचे डॉक्टर सायकलवरून येणार होते म्हणे. माझी तर पळून जायची तयारी होती.

सप्रे धीराने उठला. पहिल्या म्हशीपाशी गेला, तिच्या तोंडात वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "इनको आराम करने दीजिए. कुछ दिन ऑफिस का काम बंद."

प्रधानजी म्हणाले, "साहब, ये भैंस है."

* * *

हे सगळे हसायचे किस्से. पण याच सवयीने पाचव्या वर्षी जे झालं, ते सप्रे अजून कुणाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

डोंगरातून पडणाऱ्या झऱ्याच्या एका धारेपाशी आम्ही पाणी पीत बसलो होतो. एक म्हातारी आली. तिने जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं सप्रेच्या हातात दिलं, समोरच्या डोंगराकडे बोट दाखवत बरंच काही सांगितलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. सप्रे म्हणाला, "जी, बिल्कुल." म्हातारी डोळे पुसत निघून गेली.

पहाडात लोक असे अक्रोड देतात, काकडी देतात. आम्ही गाठोडं सोडलं. गोड पुऱ्या होत्या, अजून कोमट. दोन मी खाल्ल्या, दोन मोहित्यांनी, सात सप्रेने. पुऱ्या संपल्या तेव्हा तळाशी एक लाल साडी आणि डझनभर काचेच्या बांगड्या निघाल्या.

आम्ही गाठोडं पुन्हा बांधलं आणि खाली चहाच्या टपरीवर आलो.

खालच्या चहावाल्याने गाठोडं पाहताक्षणी ओळखलं. "ये तो भिटौली है." चैत्रात माहेरून लग्न झालेल्या मुलीला भाऊ खाऊ आणि कपडे घेऊन जातो, ती भिटौली. या म्हातारीला मुलगा नाही. मुलगी डोंगरापलीकडच्या गावात दिलेली. म्हातारीला चढ झेपत नाही, म्हणून दरवर्षी कुणा वाटसरूला भाऊ करून पाठवते. "पूरा महीना रास्ता देखती है बेचारी. अब तो चैत के दो ही दिन बचे हैं." मग त्याने फडकं उघडून पाहिलं, नुसती साडी आणि बांगड्या. "और पूड़ी?"

मोहिते खाली मान घालून म्हणाले, "आपल्यात चैत्रात गौर माहेरी येती. आन आपण तिचा नैवेद्य खाऊन बसलो." मी बांगड्या पुन्हा फडक्यात नीट ठेवल्या. दोन मुली मीही दिल्यात.

सप्रे उठला. जानवं ओढून किल्ली काढली, डबा उघडला आणि सगळी शंकरपाळी फडक्यात ओतली. एकही मागे ठेवलं नाही. गाठ मारली आणि सायकलवर बसला.

तो चढ मी विसरणार नाही. दरड कोसळून रस्ता गेला होता, दोन ओढे सायकली खांद्यावर घेऊन पार केले. नेहमी मागे राहणारा सप्रे सबंध वेळ पुढे होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गाव आलं. चैताचा शेवटचा दिवस.

ती गवताचा भारा घेऊन येत होती. लांबूनच तिने फडकं ओळखलं, भारा तिथेच टाकला आणि दगडी बांधावर बसली. साडी छातीशी धरली. बांगड्या मोजल्या. मग खाऊ पाहिला आणि जरा थांबली.

एक शंकरपाळं उचलून तिने तोंडात टाकलं. सावकाश चावलं. सप्रे खाली बसून उगाच सायकलची चेन बघत होता.

तिने दुसरं खाल्लं. मग मूठभर उचलून आमच्या तिघांच्या हातांवर ठेवली. "खाइए दाज्यू, थक गए होंगे." दाज्यू म्हणजे तिकडे थोरला भाऊ. चार वर्षं ज्यांचा वास घेतला, ती शंकरपाळी मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली.

निघताना ती सप्रेला म्हणाली, "माँ पूछेगी. कहना, पूड़ियाँ बहुत अच्छी बनी थीं."

सप्रे "जी" म्हणाला. पुढचं "बिल्कुल" काही त्याच्या तोंडून निघालं नाही.