लेस्टरमधलं धुरपताबाईचं धरणं

लेस्टर शहरात बघण्यासारखं काय काय हाय, ते मला तोंडपाठ हाय. मोठ्या चर्चात एक राजा पुरलेला हाय. त्याची हाडं पाचशे वर्षांनी गाड्या लावायच्या जागेखाली घावली म्हणं. राकेट उभं केलेलं एक उंच घर हाय. गावाबाहेर हरणांचं रान हाय. गुजराती दुकानांचा एक रस्ता हाय, तिथं कढीपत्त्यापासून सोन्याच्या पाटल्यांपर्यंत सगळं मिळतं. माझी लेक लुंबिनी तिथं दवाखान्यात नर्स हाय. आईबापाला बोलवायचं म्हणून तिनं वर्षभर रजा साठवली आन कोणत्या दिवशी काय दाखवायचं ते वहीत लिहून ठेवलं.

आन आमी काय पाह्यलं? एक बाक आन एक काचंचं कपाट. पाच दिवस! ह्याला कारण माझी बायको, धुरपता.

धुरपता म्हंजे उंची साडेचार फूट आन आवाज साडेचार कोस. मी निवृत्ती, हदगाव डेपोला तीस वर्षं एस्टी चालवली. भल्याभल्या प्याशिंजरांना गप बसवलं, पण हिला गप बसवणं बापजन्मात जमलं न्हाई.

तिचा हात पेरणीचा. आता ट्रॅक्टर आले, आताच्या पोरांना हे सांगावं लागतं. पूर्वी बैलं तिफण ओढायची, गडी बैलं हाकायचा आन मागं बाई चालायची. तिफणीवर लाकडाची वाटी बसवलेली असायची, ते चाडं. चाड्याच्या बुडाला तीन भोकं, भोकांखाली तीन नळ्या. बाईनं ओटीतलं बी मुठीत घ्यायचं आन चालता चालता चाड्यात सोडत जायचं. सोपं वाटतं ना? करून बघा! मूठ ढिली पडली की बी दाट पडतं, आवळली की मधी खांडं पडतात. उगवण झाली की साऱ्या शिवाराला दिसतं मूठ कुणाची व्हती ते.

धुरपताची मूठ आसली की दोन दाण्यांत चार बोटं. कमी न्हाई, जास्त न्हाई. शेषेराव पाटलाच्या घरी आमाला ओसरीच्या पुढं पाऊल टाकता येत न्हवतं, आमची कपबशी येगळी, गोठ्याच्या कुडात खोचलेली. पण पेरणी आली की हाच पाटील बैलगाडी पाठवायचा. "धुरपते, चाड्यावर मूठ तुझीच पाह्यजे." ती जायची. पण एकदा तिनं भर वावरात सुनावलं, "मालक, माझ्या हातचं बी चालतं, मग हातचं पाणी का चालत न्हाई?" पाटील मुंडी खाली घालून तंबाखू मळत बसला. 

आमच्या वहिवाटीला दोन एकर गायरान हाय, म्हंजे सरकारी चराऊ रान. आधी माझी माय पेरायची, मग धुरपता पेरायला लागली. आन कागदावर काय? पडीक! ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, आन कागद म्हणतो पडीक. ही बया उठली आन कचेरीपुढं धरणं धरून बसली. कोणती कचेरी ते सांगत न्हाई, साहेब लोक रिटायर झाले, आता म्हातारपणी त्यांची शोभा कशाला. एकोणीस दिवस बसली. मी डबा घेऊन जायचो, पण आडोशाला हूभा राहून द्यायचो. नोकरीची भीती, दुसरं काय. शेवटी सातबाऱ्यावर पेऱ्याला तिचं नाव लागलं. तवापासून ती म्हणती, "कागदावर खोटं पडलं की ते माणसापरीस जास्त जगतं. दिसलं तिथंच त्याची मान धरावी."

तर आमी गेलो इलायतेला. आधी दोन दिवस लंडन. बाबासाहेब शिकताना जिथं राहिले ते घर पाह्यलं. धुरपतानं उंबऱ्याला कपाळ लावलं आन हुंदके देऊन रडली, मीबी रडलो. मग लेस्टरला आलो. पहिल्या दिवशी तिथं झिमझिम लागली व्हती. लुंबिनी म्हणली, "राजा उद्या बघू, आज वस्तुसंग्रहालय बघू, तिकीट बी लागत न्हाई."

तिथं एका दालनात आपल्या मुलखाच्या वस्तू मांडलेल्या. तलवारी, हत्तीचे दात, मडमांचे पंखे. एका काचंच्या कपाटात एक काळी पडलेली लाकडाची वाटी व्हती. लुंबिनी पाटी वाचून म्हणली, "बाबा, हे बघा. भिक्षापात्र. निजामाच्या राज्यातलं. कुण्या कप्तानाच्या घरच्यांनी दिलंय."

भिक्षापात्र म्हणल्याबरोबर मला वाटलं, कुण्या भंतेजींचं असणार. एवढ्या दूर, एवढं जुनं! मी बूट काढले, हात जोडले, डोळे मिटले आन मोठ्यानं 'नमो तस्स' सुरू केलं. लुंबिनीनं बी हात जोडले. गोरे लोक थांबून बघून राहिले.

तेवढ्यात बाजूला धुरपता फिस्सकन हसली. "अवो, कशाच्या पाया पडून राहिले? चाडं हाय ते!"

मी डोळे उघडले. बगतो तर काय, खरंच चाडं. बुडाला तीन भोकं. माझं तोंड बघण्यासारखं झालं आसल.

लुंबिनीनं पाटी पुन्हा नीट वाचली आन तिचा आवाज बारीक झाला. पुढं लिहिलं व्हतं की दुष्काळात तिकडचे गोरगरीब हे भांडं घेऊन दारोदार भीक मागायचे, आन भोकं हायत ती दोरी ओवून गळ्यात अडकवायला.

धुरपताचं हसू गेलं.

"भीक?" ती म्हणली. "भोकं पडलेल्या भांड्यात भीक कोण घेतं गं? पीठ घेतलं तर पायावर, ताक घेतलं तर लुगड्यावर! जिनं शिवाराच्या पोटाला घातलं तिच्या हातात ह्यांनी भिकंचं भांडं दिलं? वा रे वा!" कपाटासमोर एक बाक व्हता, त्याच्यावर ती मांडी घालून बसली. "बोलव कोण मोठा आसल त्याला. पाटी बदलत न्हाई तवर मी हालत न्हाई."

मला वाटलं घटकाभरानं उठल. ती उठली न्हाई. बंद व्हायची वेळ झाली तवा उठली, आन दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधी दारात हजर. लुंबिनी वही घेऊन मागं, "आई, राजा... आई, हरणं..." धुरपता म्हणती, "राजा पाचशे वर्षं थांबला, अजून चार दिवस थांबल."

खरं सांगतो, मला तिची लाज वाटली. सगळ्यांत जास्त भ्या वाटलं ते लेकीपायी. ती तिथं नोकरीला, उद्या पोलीस आले तर? मी दात खाऊन म्हणलो, "धुरपते, हे काय आपलं हदगाव हाय का? तू कोण लागून गेलीस? लाकडाच्या वाटीपायी लेकीचा संसार उधळतीस का?"

ती म्हणली, "तुमी तवा बी आडोशाला हूभे व्हते. जावा, राकेट बघून या."

मी गेलो न्हाई. पण तिच्याजवळ बसलो बी न्हाई. समोरच्या भिंतीला तलवारी बघत हूभा राहिलो, जशी काय माझी आन त्या बाईची ओळखच न्हाई.

तिसऱ्या दिवशी पहाऱ्यावर एक म्हातारा सरदारजी आला. त्यानं हिंदीत इचारलं, "कहाँ से आये?" मी म्हणलो, "नांदेड." आवो, त्याचे डोळे भरले! "हजूर साहिब?" म्हणला, आमच्या नांदेडचा गुरुद्वारा तो, आन माझ्या हाताला कपाळ लावलं. मी म्हणलो, "बाबा, मी नुसता ड्रायव्हर हाय." तो ऐकतोय कुठं! धुरपतानं त्याला बाकावर बसवून सगळं सांगितलं, आपल्या नांदेडी हिंदीत. "भैया, ये भीक का नै है. इससे हम पेरते थे. तुमारे गाव में क्या बोलते?" सरदारजी उठला, काचंला नाक लावलं, लई वेळ बघितलं, आन तडक जिना चढून वर गेला.

वरून हेलन नावाची बाई आली, त्या दालनाची साहेबीण. चांगली बाई व्हती, आवाज चढवला न्हाई. लुंबिनीकडून सगळं ऐकून घेतलं आन म्हणली, "आमच्याकडं कप्तानाच्या हातची नोंद आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीची. तुमच्याकडं काही लेखी पुरावा आहे का?"

लुंबिनीनं मराठीत सांगितलं. धुरपता म्हणली, "त्या कप्तानानं कधी पेरलं का, इचार."

हेलनबाई हसली, पण म्हणली, पाटी बदलायची तर समिती बसावी लागती, ती तीन महिन्यांनी बसती.

"समिती बसू दे," धुरपता म्हणली, "तवर मी बसते."

आमचं विमान शनिवारचं. हे सगळं झालं बुधवारी. लुंबिनी रडकुंडीला आली व्हती, पण आईचीच लेक ती. रस्त्यानं जाताना एकाएकी थांबली आन म्हणली, "बाबा, लेखी न्हाई तर करून दाखवू." गुजराती दुकानातून तिनं ज्वारी घेतली. सरबताच्या दुकानातून एक मोठा कागदी पेला आन तीन जाड नळ्या मागून आणल्या. पेल्याच्या बुडाला कातरीनं तीन भोकं पाडली, नळ्या खोचल्या, दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. झालं चाडं!

गुरुवारी दुपारी हेलनबाईला बाहेर फरशीच्या अंगणात बोलावलं. धुरपतानं पदर खोचून ओटी केली, तिच्यात ज्वारी घेतली, डाव्या हातात पेला धरला. आन माझ्याकडं बघून म्हणली, "तीन नळ्या फाकवून कोण धरणार? बैल पाह्यजे."

चाळीस माणसं गोळा झाली व्हती. पोरं मोबाईल धरून हूभी. मी अंगात कोट घातलेला, साठी उलटलेला माणूस. एक मिनिट पाय जागचे हालले न्हाईत. मग म्हणलो, जाऊ द्या तिच्यायला! वाकलो, दोन्ही हातांनी नळ्या धरल्या आन उलट्या पावलांनी चालायला लागलो.

तिची मूठ सुटली. सहा वर्षं तिनं तिफणीला हात लावला न्हवता, पण हात इसरत न्हाई. मी वाकलेलाच, मला फक्त फरशी दिसत व्हती, आन तिच्यावर तीन ओळी पडत चाललेल्या. अंगणाच्या त्या टोकापर्यंत. दाणा, चार बोटं, दाणा, चार बोटं. काही दाणे टणकन उडाले, फरशीच ती, पण ओळ मोडली न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा मी बायकोचं काम इतक्या जवळून पाह्यलं. चाळीस वर्षं मी तिनं पेरलेलं खाल्लं आन एकदा बी वाकून बघितलं न्हाई, ह्याची मला लई शरम वाटली.

हेलनबाई गुडघ्यावर बसली. दोन दाण्यांच्या मधी बोटं ठेवून बघितली. मग पुढच्या. मग पुढच्या. उठली तवा तिचा चेहरा लाल झाला व्हता. ती लुंबिनीला म्हणली, "आईंना सांगा, समितीला मी उत्तर देईन."

शुक्रवारी आमी पाचव्यांदा गेलो. ह्या वक्ती मी बाकावर तिच्या शेजारी बसलो. चिकटून. तिनं सरकून बसायला जागा करून दिली. हेलनबाई नवी पाटी घेऊन आली. लुंबिनीनं वाचली: "चाडं. तिफणीवरची बियाण्याची वाटी. ही वापरून शेतकरी तीन ओळींत पेरणी करत." शेजारी एक चित्र काढलेलं, फेट्यातला माणूस तिफणीमागं चालून राहिला.

माझा जीव भांड्यात पडला. मी उठलो बी. धुरपता बसूनच.

"हा बाप्या कोण?" ती म्हणली.

"आई, शेतकरी हाय तो," लुंबिनी म्हणली. "अगं, बदललं की सगळं!"

"बाप्या बैलं हाकतो. चाड्यावर मूठ बाईची आसती. बाई लिव म्हणावं. न्हाई तर मी हाय इथंच."

लुंबिनीनं डोक्याला हात लावला. मी म्हणलो, "सांग तिला, लुंबिने. आई बरोबर बोलून राहिली. बाईच आसती."

हेलनबाईनं ऐकलं. खिशातून पेन काढला, चित्रावर उभी रेघ मारली, 'शेतकरी' खोडलं आन वर हातानं लिहिलं: 'बाया'. छापून नंतर येईल म्हणली, तोवर असंच राहील. आमच्यासमोर कपाट उघडून तिनं जुनी पाटी काढली आन ही ठेवली. सरदारजी दारातून बघत व्हता.

तवा कुठं धुरपता उठली, गुडघ्यावर हात ठेवून, हळू. पाच दिवसांत पाय सुजले व्हते.

हेलनबाईला राहवलं न्हाई. तिनं लुंबिनीमार्फत इचारलं, "उद्या तुमचं विमान आहे. आज मी हे केलं नसतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

धुरपता पायात चपला सरकवत व्हती. वर बी न बघता म्हणली, "काय करणार? विमान गेलं आसतं."

मला कुणी इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर मीबी तेच सांगितलं आसतं.