जुनागढचं मत आणि आमचा साकव

काल कशेळ्याच्या बाजारात सगुणाआत्या भेटली आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय...

या अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत मी जुनागढात होतो. एका सर्कशीच्या मागे भटकत गेलो, त्यातला हत्ती तर... ते जाऊ दे. तिथं सार्वमत झालं, संस्थानानं भारतात राहायचं की पाकिस्तानात. लोकांच्या रांगा मी स्वतः पाहिल्या.

परत आलो तर इकडे लोकल बोर्डाचं इलेक्शन. दहिवलीच्या सभेत मोठ्या पक्षाच्या वकीलसाहेबांनी मला स्टेजवर घेतलं, म्हणाले जुनागढची हकिकत सांग. मी भाव खाल्ला, रंगवून सांगितली. टाळ्याच टाळ्या...

मग साहेब उठले. "तिकडच्यांनी देशाला मत दिलं. हा देश आमच्या पक्षानं मिळवला. आता आमच्या विरुद्ध मत म्हणजे देशाविरुद्ध मत!" आणि मी शेजारी बसून मान डोलावली!

विरुद्ध कोण उभा होता? माझा धर्माकाका. बेचाळीसला तुरुंग भोगलेला, त्याच पक्षाचा माणूस. नदीवरचा साकव, आमचा बांबूचा पूल, वाहून गेला, पावसात पलीकडची वाडी तुटते, पक्ष दाद देईना... म्हणून अपक्ष उभा राहिला. पडला.

आत्या त्याच वाडीतली. काकाची सख्खी बहीण, शेतसारा भरणाऱ्यांनाच मत, आणि शेत तिच्या नावावर म्हणून ती मतदार.

"मी धर्माला मत नाय दिलं रं," ती म्हणाली. "तूच नाय का सांगितलंस, देश जाईल म्हनून?"

"आत्या, ते मी नाही, वकील म्हणाला!"

"मग तवा तुज्या तोंडात काय इडा व्हता? माजी सून सरावनात मोकळी व्हनार. तिला नदीपार कशी न्यू, सांग!"

जुनागढचा प्रश्न एकदाच विचारायचा होता. हे लोक आता तो दर इलेक्शनला विचारणार, म्हणजे साकवाचा प्रश्न कुणी विचारायलाच नको. संताप येतो नुसता... त्यांचा, आणि माझाही.

आज सकाळी काका कोयता घेऊन दारात. "चल रं, बांबू तोडायचेत. पावसाआधी साकव उभा करू." मी म्हटलं, अरे, त्या वाडीनंच तर तुला पाडलं!

"मंग? सगुणाच्या सुनंला काय मतं मोजून कळा येनार हायत?"

दिवसभर बांबू तोडले. हात सोलवटलेत. काकाचे उपकार मानतो, रागावलेल्या माणसाला त्यानं काम दिलं... राग मात्र तसाच आहे. राहू दे.