सालुदमावशीची मागणी

राबणाऱ्याच्या आधी वेळ साधणारा पोचतो, अशी आमच्यात म्हण आहे. ती सगळ्यांना पाठ आहे आणि पाळत कुणीच नाही. मनिलापासून लांब, आमच्या तायाबासकडे कुणाच्याही घरी जा, ताटातली भाताची शेवटची वडी कुणी उचलणार नाही. "घ्या ना तुम्ही." "छे, तुम्हीच घ्या." हावरट दिसायला नको ना! शेवटी वडीला मुंग्या लागतात. वाडीत वेळ साधणाऱ्या तेवढ्या मुंग्याच.

आणि सालुदमावशी. पण तिलाही वेळ साधायला बावीस वर्षं लागली.

ती आमची शेजारीण. हेर्मो तिच्यासाठी सेवेला लागला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. मुलगी मागायची तर मुलानं आधी तिच्या घरी राबायचं, लाकडं फोडायची, पाणी भरायचं. मुलीचे वडील "पुरे" म्हणाले की मग मुलाकडच्यांनी जेवणानं भरलेली भांडी घेऊन बोलणी करायला यायचं. जुनी रीत आहे. कुणी दोन महिने राबतं, कुणी वर्षभर. सालुदच्या वडलांना हेर्मोचं काम फार आवडलं. इतकं की "पुरे" म्हणणं त्यांच्या जिवावर येऊ लागलं. फुकटचा गडी कोण सोडतो? तेरा वर्षं ते माडाखाली बसून हेर्मोला हीच म्हण ऐकवायचे, आणि हेर्मो तिच्यातलं राबणं तेवढं ऐकायचा. एक दिवस म्हातारा गेला. "पुरे" म्हणायचं राहूनच गेलं.

मग हेर्मोनं काय करावं? मातीला आला, रडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडं घेऊन हजर! पुढं नऊ वर्षं तो येतच राहिला. सरकारी पंप बसला तो नेमका सालुदच्या दाराशी, तरी हा झऱ्यावरूनच पाणी आणायचा. परसातला लाकडांचा ढीग इतका वाढला की कोंबड्या त्यावरून थेट खिडकीतून घरात यायच्या.

माझी आई त्याला टोचायची. "हेर्मो, वाडी पेटवायचीय का रे?"

"नाही हो वहिनी. पावसाळ्याची सोय."

"कुठल्या सालच्या?"

तो नुसता हसायचा. दुसरं कुणी सालुदमावशीला मागायला आलं नाही. दारात कुऱ्हाड घेऊन माणूस उभा असताना कोण येणार? आणि बाईमाणसानं स्वतःच्या तोंडानं कसं विचारायचं? दर जूनमध्ये ती लग्नं जुळवणाऱ्या संत आंतोनीची नऊ दिवसांची प्रार्थना करायची. मी शेजारीच गुडघे टेकलेली असायचे. ती काय मागते ते मला ठाऊक होतं, संतालाही ठाऊक होतं. पण इतकी वर्षं आमच्यात राहून संत आंतोनीही भिडस्त झाला असावा, देव मला क्षमा करो.

त्या वर्षी मनिलाहून तिच्या थोरल्या भावाचं, मिनोचं पत्र आलं. 'घर बंद कर. सोमवारी जीप घेऊन येतो. आमची चार पोरं सांभाळायला घरचं माणूस हवं.' येतेस का, असं पत्रात कुठंच नव्हतं. गुरुवारी तिनं ते आम्हाला वाचून दाखवलं.

"हेर्मोला सांगितलंस?" आईनं विचारलं.

"सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, सामान चढवायला येतो."

आईनं कपाळावर हात मारला. सालुदमावशी आधी हसली, मग झग्याचं टोक पदरासारखं तोंडाशी धरून बसली.

शनिवारी सकाळी ती आमच्या दारात उभी. खांद्यावर कुऱ्हाड. "चल ग माझ्याबरोबर. एकटीला लाज वाटते."

"कुठं?"

"मागणी घालायला."

हेर्मोचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. तिथं जाऊन तिनं अंगणातला ओंडका उभा केला आणि हाणली कुऱ्हाड. पहिला घाव जमिनीत. दुसरा ओंडक्याला लागला, तिसऱ्याला ढलपी उडून कोंबडा ओरडला. शेजारच्या बायका कुंपणाला येऊन चिकटल्या. हेर्मोची आई, उर्सुलाआजी, खिडकीत आली. वय चौऱ्याऐंशी, पण नजर आणि जीभ दोन्ही तेज.

"कोण ग? सालुद? काय करतेयस?"

"सेवा करतेय, काकू. तुमचा मुलगा हवाय मला."

कुंपणापाशी कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. आजी मात्र खिडकीवर कोपर टेकून निवांत बसली.

"बरं. किती दिवस राबणार?"

"आजचा दिवस आणि उद्याचा. परवा जीप येतेय. मी काही तुमच्या हेर्मोइतकी कष्टाळू नाही."

"फोड तर मग. बारीक फोड. आणि पाणी?"

"भरते की."

तेवढ्यात हेर्मो धापा टाकत आला. सालुदच्या घरी पाणी भरून झालं होतं, आणि कुऱ्हाड सापडेना म्हणून तो वाडीभर विचारत फिरत होता.

"अगं, हात सोलतील. दे इकडे!"

"हात लावू नकोस!" आजी वरून ओरडली. "तिची परीक्षा चाललीय."

"कसली परीक्षा?"

"तुझी मागणी आलीय, गाढवा."

हेर्मोनं ओंडक्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "पण तिच्या वडलांनी मला अजून..."

"वडील नऊ वर्षांपूर्वी गेले, हेर्मो," सालुदमावशी म्हणाली.

"माहितीय ना. पेटीला खांदा दिलाय मी."

"मग विचारायला जायचंय का तिकडं?"

बायका कुंपण मोडेपर्यंत हसल्या. हेर्मोचे कान लाल झाले. सालुदमावशी हसली नाही. कुऱ्हाड टेकवून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो आता नुसता हसला असता, तर ती सोमवारी जीपमध्ये बसली असती.

आजीनं वरूनच हात हलवला. "पुरे ग पोरी. माझ्याकडून पुरे. आता याचं तोंड उघडतंय का बघ."

हेर्मोनं टोपी काढली. घाम पुसला. पुन्हा घातली. "चर्च दुपारी बंद होतं," तो म्हणाला. "आत्ता गेलो तर उद्याच्या मिस्सेत पाद्री आपल्या लग्नाची पहिली पुकार करतील. येतेस?"

ती कुऱ्हाड माझ्या हातात देऊन त्याच्याही पुढं निघाली. रविवारी पाद्रीबाबांनी दोघांची नावं वाचली, तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. ती माझ्या आईची होती आणि तिला त्याची अजून लाज नाही.

सोमवारी मिनो आला. सगळं ऐकून खुर्चीत रेलला आणि घरचा थोरला झाला. "वडलांच्या जागी आता मी. बघू. हेर्मो, थोडे दिवस काम दाखव, मग ठरवू."

आईनं चुलीवरचा डाव उचलला होता. पण त्याआधीच हेर्मो म्हणाला, "नाही." इतकंच. बावीस वर्षांत त्या घरात त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच निघाला, आणि काय ठणठणीत निघाला! मग त्यानं मिनोला भात वाढला.

रिकामी जीप मनिलापर्यंत न्यायची म्हणजे पेट्रोल वाया. म्हणून मिनो मागं नारळ भरून घेऊन गेला. ते चढवायला मात्र हेर्मो गेला नाही. ओसरीत सालुदमावशीशेजारी बसून त्यानं नुसते मोजले.