रंजनाचे चार प्रश्न

फोनवर रंजनाचंच नाव आलं म्हणून मी नेहमीसारखी सुरू झाले, "बरी आहे गं, पाय ठीक आहे, गोळी चुकत नाही…" पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "मावशी, मी रंजनाचा भाऊ. ताई सकाळी गेली." मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडली. सगळी निवडली. आज महिना होऊन गेला, रडू काही आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

रंजना ना माझ्या नात्यातली, ना शेजारची. सात वर्षांपूर्वी माझा पाय मोडला, प्लास्टर झालं आणि पोटरी भोपळ्यासारखी सुजली. सून म्हणाली, प्लास्टर घट्ट बसलंय. निघाली शिरेत रक्ताची गाठ. हॉस्पिटलात पडले होते तेव्हा ही कागद घेऊन खाटेशी आली. "मावशी, तुमची नोंद आमच्या रजिस्ट्रीत घेऊ का?"

"घे की. पण घेऊन करणार काय, पत्रिका मांडणार?"

ती खळखळून हसली. मग खुर्ची ओढून बसली आणि नीट सांगितलं. एका डॉक्टरला मूठभर पेशंट दिसतात. ठिकठिकाणचे पेशंट एकत्र नोंदवले, वर्षानुवर्षं त्यांची विचारपूस केली, की कळतं गाठ कुणाला परत होते, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस द्यायची, कुणाला तिचा त्रास होतो. नाव कुणाला दिसत नाही, नुसता नंबर. मी अंगठा नाही, सही केली. शाळा चौथीपर्यंतच, पण सही झोकात आहे माझी.

तेव्हापासून तिचा फोन यायचा. आधी तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षातून एकदा. प्रश्न चारच. पाय सुजतो का, दम लागतो का, गोळी चुकते का, कुठून रक्त आलं का. चार उत्तरं झाली की मी माझं पुराण लावायची, सुनेपासून सोसायटीच्या पाण्यापर्यंत, आणि ती ऐकायची. त्या बाईला 'चला, ठेवते' म्हणता यायचंच नाही. पुढेपुढे ती जुईनगरला माझ्या घरीच यायला लागली. शिंप्याची पिवळी टेप आणली आणि मला शिकवलं, गुडघ्याखाली पंजा आडवा ठेवायचा, त्याच्याखाली माप घ्यायचं, दोन्ही पायांचं.

तिच्या कागदावर शेवटी एक रकाना होता, 'संपर्क तुटला'. फोन लागला नाही की तिथे खूण करायची आणि पुढे जायचं, एवढंच काम. पण तिला त्या रकान्याचा भारी राग. एकदा मला म्हणाली, "मावशी, तुमचं माहेर मोरा बंदरावरचं ना? चला माझ्याबरोबर." तिथली एक पेशंट दोन वेळा फोन करून सापडत नव्हती. गेलो. बाई धक्क्याजवळ सुकट पसरत बसलेली. आम्हाला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मेली वाटली का काय गो तुला? हाय मी जिती! फोन पान्यान परला." गोळी कधीच बंद केली होती तिने, बरं वाटलं म्हणून. रंजना तिथेच उलट्या टोपलीवर बसली आणि लिहून घेतलं, डॉक्टरकडे यायचा दिवसही ठरवून टाकला. परतताना मला म्हणाली, "फोन उचलतात ते बहुतेक ठणठणीतच असतात हो. न उचलणाऱ्यांचंच कळायला हवं."

शेवटचं आली ते जाण्याच्या आठ दिवस आधी. दोन जिने चढून आली आणि दारातच थांबली… श्वास पुरत नव्हता. डाव्या सँडलचा तेवढा पट्टा सुटा होता, पाऊल त्यात मावत नव्हतं. मी पाहिला. पाहिला मी तो. "वजन वाढलंय मावशी, महिनाभर कॉम्प्युटरसमोरून उठलेच नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग कमी खा," आणि चहा टाकला. तिने मला चारही प्रश्न विचारले, वाकून माझ्या पोटऱ्या मोजल्या. "दोन्ही सारख्या. शहाण्या आहात." सात वर्षं जे प्रश्न मला पाठ, त्यातला एकही मी तिला विचारला नाही. टेप माझ्याच हाताशी होती.

डॉक्टरांनी तिच्या भावाला सांगितलं, गाठ पायातून फुप्फुसात गेली असावी. असावी… तपासायला वेळच मिळाला नाही.

परवा रजिस्ट्रीतून फोन आला. नवी मुलगी होती, रंजनाच्या यादीतल्या सगळ्यांना नव्याने विचारत होती. मी चार उत्तरं दिली आणि विचारलं, "रंजनाची नोंद घेतलीत का गं?"

"आजी, तपासणीत गाठ दिसली तरच घेता येते. मॅडमची तपासणीच झाली नव्हती." मग हळूच म्हणाली, "हा नियम मला मॅडमनीच शिकवला."

म्हणजे जी दुसऱ्यांना गावोगाव शोधत फिरली, ती कुठल्याच रकान्यात नाही. 'संपर्क तुटला'मध्येसुद्धा नाही.

मुलगी फोन ठेवणार होती. मी म्हटलं, "थांब. दिवसभर बसूनच असतेस ना? पाय सुजतात का तुझे?"

"अहो आजी, प्रश्न मी विचारायचे असतात!"

"कळलं. तरी सांग."

"नाही सुजत."

"दम लागतो?"

"नाही हो."

"दोन्ही पोटऱ्या मोजून बघ. गुडघ्याखाली पंजा आडवा ठेवायचा. मी धरते फोन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इकडे आरशाजवळच्या खिळ्याला ती पिवळी टेप लटकलेली होती. तिच्याकडे बघत मी फोन धरून बसले.