अप्पांची कानडी

अप्पांना लकवा झाला तेव्हा त्यांची मराठी गेली आणि कानडी राहिली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, माणूस आपल्या पहिल्या भाषेकडं परत जातो. त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचा रागच आला. अप्पा काही सुट्टीला मामाच्या गावी गेले नव्हते.

आमचं गाव सास्तूरच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, सरळ ओळीतली एकसारखी घरं. आमच्या गल्लीत भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. आई मात्र तेरकडची होती. तिला कानडीचा गंध नव्हता, म्हणून घरात मराठी आणि अप्पांच्या दुकानात कानडी, अशी वाटणी होती. दुकान कासऱ्यांचं, वेसणींचं, बैलांच्या घुंगुरमाळांचं. सीमेपलीकडून शेतकरी यायचे, पायरीवर बसून तासन्‌तास बोलायचे.

ही वाटणी मोडली ती मी. दहा वर्षांची असताना शाळेतल्या दोन मैत्रिणी दुकानात आल्या आणि एकीनं अप्पांच्या बोलण्याची नक्कल केली. मीही हसले. संध्याकाळी अप्पांना म्हणाले, "माझ्या मैत्रिणींसमोर तुम्ही ते बोलत जाऊ नका." अप्पा म्हणाले, "बरं." त्यांचं 'बरं' फार पक्कं असायचं. मैत्रिणींसमोरच काय, माझ्यासमोरही ते त्यानंतर कानडी बोलले नाहीत. मी दुकानात असताना तसं गिऱ्हाईक आलं की ते त्याला घेऊन बाहेर लिंबाखाली जायचे. आत बसून मला नुसता आवाज ऐकू यायचा. तेव्हा मला ते माझ्या विजयासारखं वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्यामुळं, आई गेल्यापासून एकटे राहणाऱ्या अप्पांना दवाखान्यातून घरी आणलं, पुण्याचं सॉफ्टवेअरचं काम घरून करायची परवानगी काढून मी त्यांच्या खाटेशेजारी टेबल मांडलं, तेव्हा माझ्याजवळ कानडीचे दहापर्यंतचे आकडे आणि दोन शब्द होते. ऊटा म्हणजे जेवण आणि मगळ म्हणजे मुलगी.

दुपारी ताट वाढून आणलं की अप्पा माझ्याकडं बघून काहीतरी म्हणायचे. अर्धं तोंड हलायचं नाही, शब्द एकमेकांत अडकायचे, पण त्यात मगळ असायचं आणि ऊटा असायचं. मी त्याचा सोपा अर्थ लावला होता. मुली, जेवायला दे. मला ओळखतात, या विचारानं मी हरखून जायचे. पण ताट पुढं केलं की ते चांगल्या हातानं परत सरकवायचे. भात मऊ केला, भाकरी दुधात कुस्करली, वरणाला तूप घातलं. ताट परत. मी चिडायचे, मग चिडले म्हणून रडायचे, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार घास गिळायचे.

सकाळी आणि रात्री शेजारच्या अक्का यायच्या. ऐंशीला टेकलेल्या, पाठीत वाकलेल्या. त्यांच्या हातून अप्पा निमूटपणे खायचे. अक्का कानडीत काहीतरी म्हणायच्या, अप्पा मान हलवायचे आणि तोंड उघडायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. अक्कांना विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता, पण विचारायचं कसं? ज्या भाषेला मी घराबाहेर काढलं, तिचा अर्थ मी कुठल्या तोंडानं विचारणार? आणि इकडं अप्पांच्या मनगटाची हाडं दिसायला लागली होती.

म्हणून मी यंत्राला विचारायचं ठरवलं. आमच्या धंद्यात हल्ली असे मदतनीस आपल्याच कॉम्प्युटरवर बसवता येतात. बोललेलं ऐकणारं एक मॉडेल, ते समजून उत्तर देणारं दुसरं, दोन्ही एकदा उतरवून घेतली की इंटरनेट तोडलं तरी चालतात. अप्पांचा हा मोडका आवाज कुठल्या तरी परक्या कंपनीच्या गोदामात जाऊन पडावा, हे मला नको होतं. तो याच खोलीत राहायला हवा होता.

दुपारी अप्पांचा डोळा लागला की मी टर्मिनल उघडायचे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना बटण. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं आणि वाट बघायची. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालं, जागा कमी आहे. मग मी जुन्या कामाच्या फायली उडवून जागा केली. मोबाईलला रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीपाशी, म्हणून तो तिथं फडक्यात गुंडाळून ठेवला आणि त्याच्या नेटवरून मॉडेल उतरवायला लावलं.

त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. पडद्यावर टक्के चढत होते, तीन, साडेतीन, चार. पडवीच्या पत्र्यावर होले घुमत होते. दुकान बंद केल्यावर उरलेले कासरे भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले होते आणि उन्हानं त्यांचा अंबाडीचा वास खोलीभर पसरला होता. कधी अप्पा जागे व्हायचे आणि पडद्यावरची ती लुकलुकणारी खूण बघत राहायचे. मीही बघायचे. आम्ही दोघं तिच्याकडं बघत कितीतरी वेळ बसायचो, आणि एक अख्खी भाषा थेंब थेंब करत आमच्या घरात उतरत असायची. एकदा खुर्चीतच माझा डोळा लागला. दुकानाच्या पायरीवर सीमेपलीकडचे शेतकरी बसलेले दिसले, त्यांच्यात मीही होते, आणि त्यांचा शब्द न्‌ शब्द मला कळत होता. जाग आली तेव्हा एकोणसत्तर टक्के झाले होते आणि त्यातला एकही शब्द आठवत नव्हता.

सगळं उतरल्यावर एका साध्या फाईलमध्ये मदतनीसाला सूचना लिहायच्या असतात. मी लिहिलं, तुला एका आजारी म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकायचं आहे. ते सीमेवरची कानडी बोलतात. मला त्याचा मराठीत अर्थ सांग. अप्पांच्या उशाशी माईक ठेवला आणि कमांड दिली.

पहिलं उत्तर आलं, "बैल विहिरीवर बांधा, पाऊस मोठा आहे." दुसऱ्या दिवशी, "राजाच्या लग्नाला सर्वांनी यावे." न कळलेलं सगळं ते रेटून ठोकून देत होतं. मी कपाळाला हात लावला. मग सूचनांच्या फाईलमध्ये आणखी एक ओळ घातली. अंदाज करू नकोस, कळलं नाही तर कळलं नाही म्हण. त्यानंतर चार दिवस ते प्रामाणिकपणे म्हणत राहिलं, कळलं नाही. मी रोजचं रेकॉर्डिंग जपून ठेवत होते, कारण अप्पा रोज तेच बोलत होते एवढं मला कळलं होतं. पाचव्या दिवशी सगळी रेकॉर्डिंगं एकापुढं एक जोडून ऐकवली. पंखा बंद केला. होल्यांनाही हाकललं.

पडदा बराच वेळ काळा राहिला. मग सावकाश ओळी उमटल्या.

"ही कुणाची मुलगी आहे? लांबून आलेली दिसते. आधी तिला जेवायला वाढा. तिचा बाप वाट बघत असेल."

मी यंत्राला म्हणाले, खोटारड्या. मोठ्यानं म्हणाले. राजाचं लग्न लावणाऱ्या यंत्राचं मी का ऐकावं? कॉम्प्युटर बंद केला, वायरही उपटली.

रात्री अक्का आल्या. मी पहिल्यांदा त्यांना विचारलं, "अक्का, अप्पा रोज माझ्याकडं बघून काय म्हणतात?"

अक्कांनी हातातली वाटी खाली ठेवली. "तुला कुनी काय सांगितलं का?"

"तुम्ही सांगा."

"लई दिस झालं, हेच इचारत्यात. ही पोरगी कुनाची, जेवली का न्हाय. म्या म्हनते, जेवली हो, पोटभर जेवली, आता तुमी खावा. मंग खात्यात." माझ्याकडं न बघता त्या पुढं म्हणाल्या, "पाव्हनी उपाशी आसताना ह्या मानसानं कवा घास मोडलाय का? तुला वाईट वाटंल म्हनून म्या काय बोलले न्हाय."

म्हणजे यंत्र खरं बोललं होतं. अंदाज बांधत होते ती मी. ओळखत नव्हते ते मला, आणि तरी महिनाभर माझ्यासाठी दुपारचे उपाशी राहिले होते. मी अक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लहानपणी याच बाईची कानडी ऐकून मी तोंड फिरवायचे, तेही तिला आठवत असणार. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायर परत जोडली आणि मदतनीसाला विचारलं, माझं जेवण झालं, हे कसं म्हणायचं? त्यानं पुस्तकी वाक्य दिलं. मी म्हणाले, आमच्या भागातलं दे. त्यानं दिलं, ऊटा आतु. भांडी घासताना, केर काढताना मी ते घोकलं. कधी परीक्षेलाही घाबरले नव्हते इतकी मी या दोन शब्दांना घाबरले होते.

दुपारी दोन ताटं वाढली. माझं ताट घेऊन अप्पांच्या समोर जमिनीवर बसले, मांडी घालून, पाहुण्यानं बसावं तशी. अप्पांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मी जेवले. ते बघत होते. भाकरी संपवली, भात संपवला, ताटात पाणी ओतून हात धुतले आणि म्हणाले, "ऊटा आतु, अप्पा."

अप्पांचा चेहरा सैल झाला. मी त्यांच्या ताटातला घास उचलला, त्यांनी तोंड उघडलं. एक, दोन, तीन. सगळा भात संपला. मग त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि एक नवं वाक्य बोलले. माईक चालूच होता. मी पडद्याकडं वळले.

"आमची भाषा चांगली बोलतेस. तुला कुणी शिकवली?"

हे उत्तर मी पाठ केलं नव्हतं. यंत्राला विचारायलाही उठवेना. तोंडातून मराठीतच निघालं, "माझ्या अप्पांनी."

त्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या ताटाच्या कडेला गुळाचा खडा उरला होता. तो त्यांनी चांगल्या हातानं चाचपडत उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.